'जाऊ दे आजी' म्हणणाऱ्या नातवाला सोबत घ्या आणि कान तपासून या

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ६९, शाळेत शिक्षिका होत्या, मिस्टर जाऊन ४ वर्षं झाली, मुलगा-सून-नातवासोबत राहतात. पत्र मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, मला हल्ली माणसंच नको वाटतात. भजनी मंडळात १२ वर्षं जात होते, ८ महिने झाले सोडलं. एकदा प्रॅक्टिस संध्याकाळी सहाला ठरली होती, मी सकाळी दहाला जाऊन उभी, दाराला कुलूप. पुढच्या वेळी सगळ्या त्यावरून हसल्या. मैत्रिणींबरोबर संध्याकाळी फिरायला जायचे, ते पण बंद केलं. टीव्हीच्या आवाजावरून सुनेशी कुरबुर होते. ती म्हणते, आई तुम्हाला सांगितलेलं काही लक्षात राहत नाही, आणि आता मलाच भीती वाटते की माझं डोकं चाललंय का. नातू ९ वर्षांचा आहे, परवा शाळेतलं काहीतरी सांगत होता, मी दोनदा 'काय रे?' विचारलं तर 'जाऊ दे आजी' म्हणून निघून गेला. मुलगा रोज सकाळी पॉझिटिव्ह राहण्याचे मेसेज पाठवतो. मी प्रयत्न करते पण मन कशातच रमत नाही. या वयात पॉझिटिव्ह कसं राहायचं ते सांगा."

बाई,

शाळेत सगळे तुम्हाला बाईच म्हणत असणार म्हणून मी पण बाईच म्हणते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि पहिल्यांदा मला पण वाटलं की एकटेपणाचं दुःख आहे, मिस्टर गेल्यापासून साठलेलं. ते असेलच थोडं, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना त्या सहा आणि दहावर माझी नजर अडकली. मग टीव्हीचा आवाज, मग सांगितलेलं लक्षात न राहणं, मग नातू. बाई, तुम्ही शेवटचे कान कधी तपासलेत? पूर्ण पत्रात कान हा शब्द एकदाही नाहीये आणि मला तर प्रत्येक ओळीत तोच दिसतोय.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाहीये. पण का वाटलं ते सांगते. तुम्ही गाणाऱ्या आहात, पट्टी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वय वाढलं की कानाच्या आतल्या केसांसारख्या बारीक पेशी झिजतात, त्या परत उगवत नाहीत, आणि बहुतेक वेळा आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. आपण बोलतो त्यात अ, आ, ओ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले असतात, ते नीट पोचतात. पण स, श, फ, थ ही सगळी बारीक आणि उंच पट्टीतली मंडळी, ती गळतात. मग 'सहा' मधला स गेला की उरतं काय, नुसतं 'हा', आणि त्याच्या आधी आपलं डोकं बिचारं अंदाजाने काहीतरी लावतं, की झालं 'दहा'. म्हणूनच अशा माणसाला वाटतच नाही की आपल्याला कमी ऐकू येतंय. आवाज तर येतोय ना! शब्द तेवढे कळत नाहीत, मग वाटतं हल्लीचे लोक नीट बोलतच नाहीत, पुटपुटतात. आणि लहान मुलांचा आवाज तर मुळातच उंच, त्यात ती भराभर बोलणार, त्यामुळे नातवाचं बोलणं सगळ्यात आधी सुटलं यात मला काही नवल वाटत नाही.

आता ते विसरण्याचं. बाई, जे कानात नीट शिरलंच नाही ते लक्षात कुठून राहणार? सूनबाई किचनमध्ये मिक्सर चालू असताना पाठमोरी उभी राहून सांगते की उद्या गॅसवाला येणार आहे, तुम्ही 'हो हो' म्हणता, आणि उद्या ती म्हणते सांगितलं होतं ना. तिचं पण खोटं नाही आणि तुमचं पण नाही. अर्थात विसराळूपणाची वेगळी भीती वाटत असेल तर डॉक्टरांना तेही जरूर सांगा, लपवू नका. पण आधी कान. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी सांगितल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणं पण आहे. एक झालं की दुसरं मागून येतं हे तर तुमच्याच पत्रात दिसतंय. हे घाबरवायला सांगत नाहीये, उलट यावर उपाय आहे म्हणून सांगतेय.

माझं स्वतःचं सांगते. मला ६६ व्या वर्षी हाच त्रास सुरू झाला आणि मी ३ वर्षं अंगावर काढली. लग्नाकार्यात पंगतीत बसले की शेजारची काय बोलतेय कळायचं नाही, मग मी नुसती हसून मान हलवायचे, आणि घरी आले की डोकं इतकं दुखायचं की कोणाशी बोलू नये असं वाटायचं. दिवसभर प्रत्येक वाक्याचा अंदाज बांधत बसलं तर माणूस थकतोच. मला पण तेव्हा वाटलं माझा स्वभाव बदलला, म्हातारपण आलं. शेवटी मुलीने ओढून नेलं. कानाचं पहिलं मशीन मी १५ दिवसांत ड्रॉवरमध्ये टाकलं कारण भांड्याचा आवाज डोक्यात घुमायचा, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कडकड. नंतर ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञांनी, समजावलं की वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूला हे आवाज नव्याने शिकायला काही आठवडे लागतात. त्यांनी सेटिंग बदलून दिलं, आधी घरात शांत खोलीत तासभर, मग हळूहळू वाढवत बाहेर. आज मी सकाळी चष्म्यासारखं ते घालते. ती ३ वर्षं मी उगाच घालवली, तुम्ही घालवू नका.

तर आता काय करायचं. आधी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर निम्मा प्रश्न सुटतो. स्वतः हेअरपिन, काडी, गरम तेल काही घालू नका, हात जोडून सांगते. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी करतात, बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा जरी टूं ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत बिखत काही नाही. तुमच्या जवळपास सोय होईलच, नाहीतर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा आणि श्रवणाची संस्था आहे, १९८३ पासून, तिथे तपासणी होते. आणि एक गोष्ट सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवा, एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, तिथे उशीर महागात पडतो.

मशीन लागलंच तर ऑनलाइन स्वस्तातलं मागवू नका. ती बरीचशी नुसता आवाज मोठा करतात, सगळाच, आणि तुम्हाला हवाय तो फक्त गळालेल्या पट्टीतला. तुमच्या रिपोर्टप्रमाणे सेट करून घ्यायचं, घेण्याआधी ट्रायल मागायची, लाजायचं नाही. किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत जातात, महागडं घेतलं म्हणजे जास्त ऐकू येतं असं नाही. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांच्यासाठी सांगते, राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र मोफत मिळतं, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, अशा उपकरणांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने मशीन बिघडतं, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून ते घट्ट डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात ना त्या. चार्जिंगचं असेल तर सेलचा प्रश्न नाही पण डबी हवीच.

घरच्यांना पण हे पत्र वाचायला द्या. सूनबाई, आईंशी बोलताना ओरडू नकोस, ओरडलं की शब्द अजून फाटतात आणि तोंडावर राग दिसतो तो वेगळाच. आधी हाक मार, समोर ये, तोंडावर उजेड असू दे, मिक्सर किंवा टीव्ही बंद कर आणि जरा सावकाश बोल. कळलं नाही तर तेच वाक्य दहादा नको, वेगळ्या शब्दांत सांग. आणि त्या मुलाला माझा निरोप, तुझं प्रेम कळतं रे, पण तुझ्या आईला सुविचारांपेक्षा तुझी एका शनिवारची सकाळ जास्त हवी आहे, तिला डॉक्टरकडे घेऊन जा. माणूस मनाने खचला की त्याला पॉझिटिव्ह राहा म्हणायचं आणि खचला कशाने ते बघायचंच नाही, या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

आता मंडळ. बाई, त्या हसल्या ते तुम्हाला लागलं, लागणारच. पण त्यांना माहीत आहे का की तुम्हाला ऐकू आलं नव्हतं? मला वाटतं त्यांना वाटलं असेल तुमची गडबड झाली. त्यातल्या जवळच्या एकीला घरी चहाला बोलवा, एकटीलाच, गर्दीत नको, आणि सरळ सांगा की मला ऐकू कमी येतंय, तपासणी करतेय, प्रॅक्टिसची वेळ मला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव. एवढं एक वाक्य बोलायला खूप जड जातं, मला माहितीय, पण ते बोलून झालं ना की पुढचं सगळं हलकं होतं. मंडळात टाळ वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसू नका, पेटीजवळ आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा घ्या. अभंग तर तुम्हाला पाठच आहेत, ते कुठे जाणार.

फिरणं मात्र मशीनची वाट न बघता उद्यापासूनच सुरू करा. आठवड्याला साधारण १५० मिनिटं, म्हणजे दिवसाला २०-२५ मिनिटं झाली तरी पुष्कळ, वर खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा. फक्त मागून येणाऱ्या रिक्षा-स्कूटरचा आवाज कळत नसेल तर रस्त्याने नको, बागेत किंवा सोसायटीच्या आवारात, आणि तुम्हाला ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला मैत्रिणीला ठेवा.

आणि एवढं सगळं करूनही दोन-तीन आठवडे मन असंच राहिलं, झोप लागत नाही, जेवण जात नाही, रडू येतं असं झालं तर तेही दुखणंच आहे, त्यालाही डॉक्टर असतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन पण वहीत लिहून ठेवा.

तपासणीला जाताना नातवाला सोबत न्या. ९ वर्षांच्या मुलाला ते हेडफोन, ती खोली, तो ग्राफ सगळं भारी वाटेल. त्याला तिथेच समजेल की आजी लक्ष देत नाही असं नव्हतं. आणि ऐकू यायला लागलं की एक दिवस त्याला शेजारी बसवून विचारा, त्या दिवशी तू शाळेतलं काय सांगत होतास रे, आता सांग. काय सांगितलं ते मला पण कळवा, मी वाट बघतेय.

तुमची ताई