वाचकांचे प्रश्न : ओसरीवरची राखाडी भुकटी आणि मुलाच्या रक्तातले शिसे

प्रश्न : माझे पती घराच्या ओसरीवर इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या खोलतात, प्लेटा वेगळ्या काढून पोत्यात भरतात. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. दोन महिने लोहाचे औषध देऊनही त्याचे हिमोग्लोबिन ८.९ च्या पुढे सरकले नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्तातल्या शिशाची तपासणी करायला सांगितली. ती १८ आली. शिसे शरीरात जाऊन नेमके करते काय? शिसे उतरवणारे औषध सुरू करावे का? घरातली पितळी भांडी काढून टाकावीत का? मी स्वतः तीन महिन्यांची गरोदर आहे.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : हिमोग्लोबिन वाढत नाही असे दिसताच लोहाची मात्रा वाढवून न थांबता ज्यांनी शिशाची तपासणी सुचवली, त्या तुमच्या डॉक्टरांचे कौतुक करायला हवे. १८ हा आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककातला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा ५ किंवा त्याहून अधिक आला, तर शिसे कोठून येते ते शोधून काढणे आणि तो मार्ग बंद करणे आवश्यक ठरते. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, हेही ती संघटना स्पष्टपणे सांगते.

शिशाचा सगळा खोडसाळपणा त्याच्या तोतयेगिरीत आहे. शरीराला त्याचा काहीही उपयोग नाही, परंतु त्याचा आयन कॅल्शियमच्या आयनाशी इतका मिळताजुळता असतो की कॅल्शियम आणि लोह आत घेणाऱ्या आतड्यातल्या वाटा त्यालाही आत सोडतात. मोठा माणूस गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मूल निम्म्यापर्यंत शोषून घेऊ शकते. आणि पोटात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. रक्तात पोहोचलेले बहुतेक सारे शिसे तांबड्या पेशींमध्ये जाऊन बसते. हिमोग्लोबिनमधला 'हीम' हा भाग तयार करणाऱ्या साखळीत एक विकर (एन्झाइम) असे आहे की जे जस्ताशिवाय चालत नाही. शिसे त्या जस्ताला हुसकावून त्याच्या जागी बसते, आणि विकर थंडावते. परिणामी हीम कमी तयार होते, इतकेच नव्हे तर ज्या कच्च्या मालापासून ते व्हायचे तो माल पेशीत तुंबतो, आणि हा तुंबलेला माल स्वतःच पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू निर्माण करतो. ते आवरण्याचे काम पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचे असते; शिसे त्याच्यातल्या गंधकालाही चिकटून त्याला निकामी करते.

मेंदूतले नुकसान याहून गंभीर असते. एका चेतापेशीने दुसरीला निरोप द्यायचा तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. तिथे शिसे घुसले की नको तेव्हा निरोप सुटतात आणि हवे तेव्हा अडकतात. चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूत कोणत्या जोडण्या ठेवायच्या आणि कोणत्या मोडायच्या हे याच निरोपांवरून ठरत असते. म्हणूनच मुलांमध्ये पोटदुखी किंवा झटके येण्याच्या कितीतरी आधी लक्ष न लागणे, चिडचिड आणि शिकण्यातली मंदता हे परिणाम होतात, आणि ते कोणालाही शिशाशी जोडावेसे वाटत नाहीत.

असे असले तरी १८ या पातळीवर संपूर्ण रक्तक्षयाचे खापर शिशावर फोडणे मला योग्य वाटत नाही. केवळ शिशामुळे हिमोग्लोबिन इतके उतरते ते सहसा याहून बऱ्याच वरच्या पातळीवर. मुलात लोहाची खरीखुरी कमतरता असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्या कमतरतेमुळेच शिसे जास्त शोषले जात असावे. फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी करून घ्या आणि लोहाचे औषध बंद करू नका; मात्र ते दूध किंवा चहाबरोबर देऊ नका.

आता 'उतरवणाऱ्या' औषधाविषयी. शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, परंतु मुलांमध्ये ती ४५ किंवा त्याहून अधिक पातळीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. ती शिशाबरोबर जस्त आणि तांबेही ओढून नेतात. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारासाठी मिळत्याजुळत्या नावांच्या दोन क्षारांपैकी चुकीचा क्षार शिरेतून दिला गेल्याने रक्तातले कॅल्शियम कोसळून मुले दगावली आहेत. 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर तर एक रुपयाही घालवू नका.

तुमच्या घरी खरे औषध म्हणजे ती ओसरी रिकामी करणे. प्लेटांवरून झडणारी राखाडी भुकटी शिशाच्या ऑक्साइडची आणि सल्फेटची असते. ती फरशीच्या सांध्यात, उंबऱ्यावर आणि शर्टाच्या बाहीवर बसते. वडील त्याच शर्टाने मुलाला कडेवर घेतात, मूल बाहीला हात लावते आणि तोच हात तोंडात जातो. हे काम घराबाहेर, वेगळ्या जागी हलवायलाच हवे. पतींनी कपडे आणि चपला तिथेच बदलाव्यात, अंघोळ करावी आणि मगच मुलाला जवळ घ्यावे. त्यांचे कपडे वेगळे धुवावेत. घरात कोरडा झाडू फिरवू नका, कारण त्याने धूळ फक्त हवेत उडते; ओल्या फडक्याने पुसा. साफसफाई मात्र तुम्ही करू नका, ती दुसऱ्या कोणीतरी करावी. एक ते तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा, आणि नमुना बोटाच्या टोकाऐवजी शिरेतून घ्यायला सांगा, कारण बोटावरची धूळच अहवालात उतरू शकते. पतींचीही तपासणी व्हायला हवी.

पितळेची भांडी तुमच्याकडे दुय्यम आहेत. कल्हई शुद्ध कथलाची असेल तर ताक-आमटी कळकत नाही आणि धोकाही नसतो. कथलात शिसे मिसळलेले असेल तर मात्र आंबट पदार्थ ते विरघळवतात. कल्हईवाल्याने काय वापरले हे विचारून कळत नसेल, तर आंबट पदार्थ स्टीलमध्ये करा. जाता जाता एक सांगतो, पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच ऑक्साइड आहे. मारुतीला तो जरूर वाहावा. मुलाच्या कपाळाला मात्र लावू नये.

तुमच्या गरोदरपणाचा प्रश्न मी शेवटी घेतला, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. रक्तातले शिसे महिन्याभरात साधारण निम्म्यावर येते, परंतु मोठ्या माणसाच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणी बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघू लागते, त्याच्याबरोबर शिसेही निघते, आणि वार (प्लासेंटा) त्याला अडवत नाही. म्हणून तुमची स्वतःची तपासणी या आठवड्यातच करून घ्या, आणि प्रसूतितज्ज्ञांना बॅटरीच्या कामाविषयी स्पष्ट सांगा. दूध, दही, नाचणी रोज पोटात जाऊ द्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची मात्रा त्यांना विचारून ठरवा. बाहेरून पुरेसे कॅल्शियम मिळाले की हाडांतून काढावे लागणारे कमी होते.