प्रश्न वाचकांचे : रुग्णालयातील कामे आणि विद्यापीठातील शिक्षण

प्रश्न : माझे शालेय शिक्षण विज्ञान शाखेतून संपत आले आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल इतके गुण पडतील असे वाटत नाही, म्हणून फिजिओथेरपी किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकण्याचा विचार आहे. घरी मात्र ‘डॉक्टर होता आले नाही म्हणून हे’ असाच सूर लागतो. हे शिक्षण खरोखर दुय्यम असते का? आणि दोहोंतून निवड कशी करावी?

उत्तर : घरच्यांचा गैरसमज बहुधा ‘संलग्न आरोग्य व्यवसाय’ या नावामुळे झाला असावा. संलग्न म्हणजे जोडलेला. त्याचा अर्थ हाताखालचा असा लावणे चुकीचे आहे. या व्यवसायांना स्वतःचे शास्त्र आहे आणि स्वतःचे निर्णयही आहेत. मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवले असल्यामुळे तिथलेच उदाहरण देतो. गोठलेल्या रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की वर राहिलेला सीरम फिकट पिवळा दिसायला हवा. तो लालसर दिसला, तर रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या असण्याची शक्यता मोठी असते. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याने ते सीरममध्ये उतरते आणि यंत्र वाढलेला आकडा दाखवते. नळीतल्या द्रवापुरता तो आकडा खरा असतो, पण रुग्णाच्या शरीरात चालू असलेल्या रक्ताला तो लागू पडत नाही. त्याच्या भरवशावर उपचार सुरू झाले, तर ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक होते त्याचे ते कमी केले जाईल. कधी पोटॅशियम भलतेच जास्त आणि कॅल्शियम भलतेच कमी, अशी जोडी समोर येते. तेव्हा जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले गेले का, अशी शंका घ्यायला हवी, कारण त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनाच्या क्षारात पोटॅशियम असते आणि ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवते. ही शंका येण्यासाठी जे रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र लागते, ते विद्यापीठात शिकवले जाते. नळी हातात धरून उजेडात पाहणारा विद्यार्थी ‘हा नमुना चालणार नाही, पुन्हा घ्या’ असे पहिल्यांदा ठामपणे सांगतो, तो दिवस मला आजही मोलाचा वाटतो.

फिजिओथेरपीत समोर नळीऐवजी माणूस असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय किती वाकतो हे गोनिओमीटरने, म्हणजे सांध्यांसाठीच्या कोनमापकाने, मोजतात. त्याची एक भुजा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखाने आणि मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा असतो. हा मध्यबिंदू जरा सरकला तरी काही अंशांचा फरक पडतो आणि नसलेली प्रगती दिसू लागते. खुर्चीवरून नेहमीसारखे उठायला गुडघा सुमारे ९० अंश किंवा थोडा अधिक वाकावा लागतो, त्यामुळे रुग्णाच्या दृष्टीने हे अंश म्हणजे स्वतःच्या पायांवर उठता येणे असते. पाय दुखण्यामुळे अडला आहे की भीतीमुळे, हे ओळखणे त्याहून अवघड असते आणि ते रुग्णाजवळ बसूनच शिकता येते.

म्हणून निवड करताना कोणता अभ्यासक्रम सोपा, हे विचारू नका. वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला धीर देत रोज तोच व्यायाम करून घेणे तुम्हाला आवडेल, की रुग्णाचा चेहरा न पाहता त्याच्या नमुन्याची काळजी वाहणे, याचे उत्तर शोधा. शक्य असल्यास प्रवेशापूर्वी परवानगी घेऊन दोन्ही विभागांत एकेक दिवस काढा.

प्रश्न : विद्यापीठाचा अभ्यासक्रम चांगला आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : सर्वप्रथम, ज्या देशात काम करायचे आहे तिथल्या नियामक संस्थेच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का, हे पाहावे; माहितीपत्रकावर विसंबू नये. अनेक ठिकाणी पदवीनंतर नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही आणि देश बदलल्यास नोंदणी बहुधा नव्याने करावी लागते. त्यानंतर रुग्णांसोबतच्या कामाचे तास विचारावेत. ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचाराच्या शिक्षणासाठी, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या त्या व्यवसायाच्या जागतिक महासंघाने किमान १००० तासांचे प्रत्यक्ष काम ठरवून दिले आहे. तासांइतकेच महत्त्वाचे असते ते त्या तासांत विद्यार्थी काय करतो. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला भेटा आणि गेल्या महिन्यात देखरेखीखाली स्वतःच्या हाताने काय काय केले, ते विचारा. उत्तर ‘बाजूला उभे राहून पाहिले’ एवढेच असेल, तर दुसरे विद्यापीठ शोधावे.

प्रश्न : मी बोलताना अडखळते. मला वाचा-उपचार शिकायचा आहे, पण हसे होईल अशी भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती मी हलकी लेखत नाही, पण या शास्त्राचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात तोतरेपणावर दीर्घकाळ संशोधन करणारे वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत बोलत. तिथेच शिकलेले आणि पुढे या विषयातले मान्यवर ठरलेले चार्ल्स व्हॅन रायपर यांचीही तीच अडचण होती. शिवाय या व्यवसायाचा आवाका बोलण्यापुरता नाही. पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही, पाण्याचा घोट श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, अशा रुग्णांची तपासणीही वाचा-उपचारक करतात. प्रवेश घेण्यापूर्वी विभागप्रमुखांना आपली अडचण स्पष्ट लिहून कळवा आणि तोंडी परीक्षेत जादा वेळ मिळेल का, हे लेखी विचारून घ्या.