घरफोडीचा तपास बंद झाला, तर निवडून आलेला पोलीस कमिशनर काय करू शकतो?

इंग्लंडमधल्या लेस्टरमधल्या घरफोडीचा तपास पोलिसांनी लवकर गुंडाळला, तर पोलीस अँड क्राइम कमिशनरकडे (पीसीसी, म्हणजे पोलीस दलावर देखरेख ठेवायला लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी) जाऊन तो पुन्हा सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. कोणता तपास चालवायचा, कोणाला अटक करायची हे चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलीस दलाचा प्रमुख, ठरवतो. पीसीसी गणवेशातला अधिकारी नसतो, आणि त्याने तपासात हात घालू नये हेच बरं. आज त्याच्या फोनवर तपास तुमच्या बाजूने हलला, तर उद्या तुमच्याविरुद्धही हलेल.

तुमचा मार्ग तक्रारीचा आहे. आधी पोलीस दलाच्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स विभागाकडे लेखी तक्रार करा. निकालाचं पत्र आलं की ते शेवटपर्यंत वाचा, कारण फेरतपासणी पीसीसीकडे मागायची की गंभीर प्रकरणं पाहणाऱ्या आयओपीसी या स्वतंत्र संस्थेकडे, हे त्यातच लिहिलेलं असतं. पत्राच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस मिळतात.

इथे अर्ज फसतात ते चोरीची हकीकत पुन्हा लिहिल्यामुळे. फेरतपासणीत चोरी तपासत नाहीत. तक्रारीचा निकाल वाजवी होता का, एवढंच बघतात. म्हणून नेमकं लिहा: शेजारचं सीसीटीव्ही चित्रीकरण मागितलं का, या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही. अर्ज मान्य झाला तरी पीसीसी फक्त शिफारस करतो. दलाला ती नाकारता येते, पण लेखी कारण द्यावं लागतं.

पीसीसीची खरी ताकद पैशात आणि नेमणुकीत आहे. काउन्सिल टॅक्समधला (घरांवरचा स्थानिक कर) पोलिसांचा वाटा तोच ठरवतो. प्रस्ताव १ फेब्रुवारीपर्यंत पोलीस अँड क्राइम पॅनेलपुढे, म्हणजे पीसीसीवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक समितीपुढे, जातो, तेव्हा बोलायचं असेल तर जानेवारी उजाडायच्या आत बोला. पॅनेलला नकाराधिकार आहे, पण त्याला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात आणि तो एकदाच वापरता येतो. चीफ कॉन्स्टेबल नेमणं, काढणंही पीसीसीकडे, तरी तिथेही मनमानी चालत नाही: साउथ यॉर्कशायरमध्ये २०१६ साली चीफ कॉन्स्टेबलला पद सोडायला लावलं, २०१७ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला.

मे २०२८ मध्ये पीसीसीची पदं रद्द करायची घोषणा सरकारने केली आहे. कामं मेयर किंवा स्थानिक मंडळांकडे जातील. तुमच्या तक्रारीला मात्र आजचेच नियम लागू आहेत, त्यामुळे ते २८ दिवस हातचे घालवू नका.