गावात राहून ख्रिस्ताशी एकनिष्ठ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी रावेर तालुक्यात केळीच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम आहे. वजन करताना काट्यात थोडे मारायची रीत आहे आणि वजनाची नोंद मलाच करावी लागते. नोकरी सोडावी का?

शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे, आणि खरा तराजू व खरी वजने वापरण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे. त्यामुळे काटा हा धंद्याचा आणि प्रीती हा उपासनेचा विषय, अशी वाटणी आपल्याला करता येत नाही. केळीचा घड एकदा कापला की शेतकऱ्याला तो परत झाडाला लावता येत नाही आणि फार दिवस ठेवताही येत नाही, म्हणून काटा दाखवील ते त्याला मान्य करावे लागते. अशा अडलेल्या माणसाच्या मालातून किलोभर मारणे ही चोरीच आहे, आणि ती लहान आहे असे मी म्हणणार नाही.

तरी राजीनामा लगेच देऊ नका. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने त्यांना काम सोडायला सांगितले नाही, ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका असे सांगितले (लूक ३). मालकांना एकांतात, आदराने सांगा की यापुढे काटा दाखवील तेच मी लिहीन. त्यांनी ऐकले नाही तर मात्र तिथे राहता येणार नाही. काम नसेल त्या काळात तुमच्या घरातला किराणा भरण्याची जबाबदारी मंडळीची, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या विश्वासी लोकांची आहे. सचोटीचा उपदेश करणाऱ्या मंडळीने तिची किंमत एकट्या मुनिमावर टाकू नये.

प्रश्न : आमच्या घराण्यात मी एकटाच ख्रिस्ती आहे. श्रावणात कानबाई ही खान्देशातली देवी घरात बसते तेव्हा भाऊबंद रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी बोलावतात. गेलो नाही तर रक्ताचे नाते विसरला म्हणतात. काय करावे? (धुळे)

खान्देशातल्या अनेक विश्वासी लोकांना हा प्रश्न दरवर्षी छळतो, आणि त्यावर तुटक उत्तर दिल्याने घरे दुरावली आहेत. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा, आणि विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावले तर खुशाल जा व पुढे वाढलेले खा, असे तो सांगतो. पण जो वेदीवरच्या अर्पणात वाटेकरी होतो तो त्या वेदीचाही भागीदार होतो, हेही तो त्याच ठिकाणी बजावतो.

आता रोट कशात मोडतो ते पाहा. तो वाटेल त्या पाहुण्याला वाढण्याचा पदार्थ नाही. कानबाईपुढे ठेवून कुळातल्या भाऊबंदांनीच तो खायचा असतो, म्हणजे तो खाणे हाच कुळाच्या पूजेतला सहभाग समजला जातो. म्हणून माझे मत असे की रोट खाऊ नये आणि आरतीला उभे राहू नये. परंतु जाऊच नये, असे मात्र मी म्हणत नाही. आदल्या दिवशी जा, थोरल्या काकांना स्वतः भेटून कारण सांगा, मांडव घालायला, पाणी भरायला, पाहुण्यांची उठबस करायला हात लावा, आणि इतर जेवण आनंदाने जेवा. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा बाप्तिस्म्याने रद्द होत नाही. वर्षभर कुणाच्या दुखण्याखुपण्याला न गेलेला माणूस कानबाईच्या दिवशी तत्त्व सांगू लागला, तर भाऊबंदांना त्यात केवळ तुटलेपण दिसणार.

प्रश्न : घरी प्रार्थनासभा भरली की काही लोक येऊन धमकावतात. पोलिसांकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास का? (नवापूर)

नाही. फिलिप्पैत चौकशी न करता फटके मारले तेव्हा पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे असा आग्रह धरला (प्रेषितांची कृत्ये १६). राज्यघटनेच्या कलम २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. शिवीला शिवी देऊ नका. आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगा असे पेत्र लिहितो. आणि आपली सभाही निर्मळ ठेवा : आजाऱ्याला औषध बंद करायला कोणी सांगत असेल किंवा पैशाची आशा दाखवत असेल, तर ते आधी आपणच थांबवले पाहिजे.

प्रश्न : गुलाबी बोंडअळीने कापूस गेला. मंडळीतले काहीजण म्हणतात, आमचा विश्वास कमी पडला. (चोपडा)

असे बोलणाऱ्यांनी, तुझ्या पापामुळेच तुझ्यावर संकट आले असे ईयोबाला सुनावणाऱ्या त्याच्या मित्रांचे बोलणे पुन्हा वाचावे. देवाने शेवटी त्यांनाच दोष दिला. हबक्कूक संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाची सुरुवातच, मी किती वेळ हाका मारू आणि तू ऐकणार नाहीस, या तक्रारीने केली आहे, आणि शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे स्पष्ट मोजून दाखवल्यावरच तो परमेश्वराच्या ठायी हर्ष करण्याबद्दल बोलतो. तुमच्या रडण्याला शास्त्रात जागा आहे; ते दाबू नका.

मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना माझी विनंती आहे की या कुटुंबाला रविवारी साक्ष द्यायला उभे करू नये. उपासनेनंतर त्यांच्या घरी जाऊन कर्ज किती आणि कुणाचे आहे ते विचारावे, आणि पुढच्या पेरणीचे बियाणे मंडळीच्या निधीतून देता येईल का, याचा निर्णय याच महिन्याच्या बैठकीत घ्यावा.