कँटोनीज शिकताना रडण्याचे शब्द

हाँगकाँगच्या बोलण्यात रडणे म्हणजे ‘हाम’, हे आधी पक्के करावे. पुस्तकी ‘हूक’ वाचताना भेटेल, पण घरगुती गप्पांत ते परके वाटते. सूर मध्यम आणि सपाट ठेवावा, कारण तो खाली घसरला की ‘हाम’चा अर्थ ‘खारट’ होतो. डोळे नुसते पाणावले असतील तर ‘ङान सप सप’ पुरे. मात्र तीव्रता दाखवायची असेल तेव्हा क्रियापदाला ‘तौ’ जोडून परिणाम सांगावा, जसे ‘हाम तौ ङान तौ चुङ साय’, म्हणजे रडून रडून डोळे सुजले. माझ्या मते विशेषणे पाठ करण्यापेक्षा ही रचना अधिक उपयोगी आहे. ‘हाम फू हाम फत’मध्ये रडगाण्याचा उपहास असल्याने शोकाकुल माणसाविषयी ते वापरू नये, सांत्वनासाठी ‘चित ओय सन पिन’ हे रूढ, औपचारिक शब्दच योग्य.