वाचकांचे प्रश्न : खेळाच्या यंत्रावर बेसिक

प्रश्न : भाच्याने वापरलेले निन्टेन्डो थ्रीडीएस हे हातात धरायचे, दोन पडद्यांचे खेळाचे यंत्र आता आमच्या घरी आले असून त्यावर ‘स्माइलबेसिक’ (बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत खेळ लिहिण्याचे सॉफ्टवेअर) आधीपासूनच आहे. मी कॉलेजात जुन्या पीसीवरचे जीडब्ल्यू-बेसिक शिकलो होतो. त्या भरवशावर चेंडू हलवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पण पडदा लुकलुकतो, चेंडूचा वेग कमी-जास्त होतो आणि उजवीकडची कळ दाबलेली असताना ‘ए’ दाबले की चेंडू जागीच थांबतो. माझे जुने बेसिक येथे निरुपयोगी आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निरुपयोगी मुळीच नाही. इफ, फॉर, गोसब हे सारे तुम्हाला ओळखीचेच आहे. ओळींना क्रमांक देण्याची गरज मात्र उरलेली नाही. उडी मारायची असेल तेथे ‘@’ या चिन्हाने सुरू होणारे नाव द्यावे. दोन किमती समान आहेत का हे तपासताना बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते, आणि जुन्या सवयीने ते एकदाच लिहिले तर यंत्र वाक्यरचनेची चूक दाखवते. या गोष्टी दोन दिवसांत अंगवळणी पडतात. तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये काही काळ थांबायचे असेल तर आपण हजारापर्यंत मोजणारा रिकामा फॉर-नेक्स्ट लिहीत असू, आणि संगणक बदलला की तोच खेळ भलत्याच वेगाने पळू लागत असे. थ्रीडीएसचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो आणि खेळातील सगळी हालचाल याच ठेक्यावर बसवायची असते. त्यासाठी ‘व्हीसिंक’ आणि ‘वेट’ अशा दोन आज्ञा आहेत. त्या सारख्याच वाटत असल्या तरी ‘वेट १’ आत्ताच्या क्षणापासून एक फ्रेम (पडदा एकदा रंगवण्याचा वेळ) मोजते, तर ‘व्हीसिंक १’ मागच्या व्हीसिंकपासून मोजते. म्हणून एका फेरीत हिशेब थोडा जास्त आणि दुसऱ्या फेरीत कमी झाला, तरी तो एका फ्रेमच्या आत आटोपत असेल तोवर व्हीसिंकने बांधलेली गती एकसारखी राहते. रिकामा फॉर काढून मुख्य फेरीच्या शेवटी एकच ‘व्हीसिंक १’ लिहा. वेगाची तक्रार बहुधा तेथेच मिटेल.

पडदा लुकलुकतो याचे कारण, माझ्या अंदाजाने, तुम्ही प्रत्येक फेरीत सगळा पडदा पुसून चेंडू पुन्हा काढत असाल. पुसणे आणि काढणे यांच्या मधला रिकामा पडदा डोळ्यांना जाणवतो. येथे चेंडू ‘स्प्राइट’ म्हणून, म्हणजे स्वतंत्रपणे हलवता येणारे चित्र म्हणून ठेवावा. ‘एसपीसेट’ने तो एकदाच मांडायचा आणि पुढे ‘एसपीओएफएस’ने फक्त त्याची जागा कळवत राहायची, जुन्या जागेवरचे चित्र पुसण्याचे काम यंत्र स्वतःच करते. असे ५१२ स्प्राइट उपलब्ध असल्यामुळे छोट्या खेळाला तुटवडा पडण्याचे काही कारण नाही.

राहिला कळांचा प्रश्न. ‘बटन’ हे फंक्शन दाबलेल्या सर्व कळांची बेरीज एकाच संख्येत परत देते : वर १, खाली २, डावीकडे ४, उजवीकडे ८, ‘ए’ १६, ‘बी’ ३२. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘संख्या ८ असेल तर उजवीकडे सरक’ अशी अट असावी. ‘ए’ही दाबले की ती संख्या २४ होते, अट खोटी ठरते आणि चेंडू थांबतो. समानता तपासण्याऐवजी त्या संख्येचा ८ शी ‘अँड’ करा, म्हणजे बेरजेत ८ चा वाटा आहे की नाही एवढेच तपासले जाईल. उत्तर शून्य आले नाही तर उजवीकडची कळ दाबलेली आहे, मग सोबत आणखी काहीही दाबलेले असो.

प्रश्न : बेसिक कधीच मागे पडले. मग एका जपानी कंपनीला ते खेळाच्या यंत्रावर आणावेसे का वाटले? (एक वाचिका, दादर)

उत्तर : जपानमध्ये ही परंपरा जुनी आहे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी १९८४ साली ‘फॅमिली बेसिक’ आले होते. यंत्रात खोचायच्या काडतुसासोबत (कार्ट्रिज) कळफलक मिळत असे आणि लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर साठवता येत असे. त्याच्या घडणीत हडसन ही साप्पोरोची कंपनी सहभागी होती. स्माइलबेसिक तयार करणारी स्माइलबूम हीसुद्धा साप्पोरोचीच. तिने २०११ साली थ्रीडीएसच्या आधीच्या डीएसआय या यंत्रासाठी ‘पेटिट कॉम्प्युटर’ हे बेसिक आणले आणि २०१४ साली जपानमध्ये त्याची थ्रीडीएसची आवृत्ती, म्हणजेच स्माइलबेसिक, काढली. डार्टमाउथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ साली बेसिक रचले ते विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आज्ञा लिहिली की उत्तर लगेच समोर, हा त्या भाषेचा गुण लहान पडद्यावर विशेष शोभतो. पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग शिकायचे असेल तर मी पायथन सुचवीन. छंदाचा निकष वेगळा असतो, आणि यंत्र सुरू केल्यापासून काही मिनिटांत स्वतःच्या कळीने स्वतःचे चित्र हलू लागते, ही सोय पायथनमध्ये इतकी सहज मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे थ्रीडीएस आहे, पण स्माइलबेसिक नाही. ते आता विकत मिळेल का? आणि लिहिलेले प्रोग्राम संगणकावर उतरवून ठेवता येतात का? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : थ्रीडीएसच्या ई-शॉपमधील (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातील) खरेदी २७ मार्च २०२३ पासून बंद झाली आहे. ज्यांनी ते आधीच घेतले होते त्यांचा मार्ग मोकळा राहिला, नव्या ग्राहकाचा नाही. घरात निन्टेन्डोचे नंतरचे यंत्र स्विच असेल तर त्यासाठी ‘स्माइलबेसिक ४’ आहे; पाश्चात्त्य देशांत ते २०२० साली आले. त्याला यूएसबी कळफलक जोडता येतो. थ्रीडीएसच्या खालच्या पडद्यावर एकेक अक्षर टोचत बसण्यापेक्षा हे इतके सुखाचे आहे की केवळ तेवढ्यासाठीही मी स्विच निवडीन. फक्त दोन पडद्यांसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम तेथे जसेच्या तसे चालतील अशी अपेक्षा ठेवू नये.

थ्रीडीएसवरचे प्रोग्राम एसडी कार्डावर जातात खरे, परंतु ते त्याच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. कार्ड संगणकाला जोडून नोटपॅडमध्ये ते वाचता येत नाहीत. डीएसआयवरच्या पेटिट कॉम्प्युटरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रामचे क्यूआर कोड करण्याची सोय होती, मोठा प्रोग्राम अनेक चौकोनांत विभागला जात असे, आणि कागदावर छापलेला तो कोड दुसऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्याने वाचता येई. थ्रीडीएसच्या बाबतीत मात्र पानभराचे प्रोग्राम सरळ वहीत उतरवून ठेवावेत, आणि लांब असतील तर संपादनाच्या पडद्यांची क्रमाने छायाचित्रे काढावीत. छायाचित्र काढताना ओळी तुटणार नाहीत आणि शून्य व ‘ओ’ वेगळे ओळखू येतील एवढे पाहावे.