चुलत भावाला चुकवायला ५१ किलोत?

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, वजन ५४ किलो. त्याच तालमीतल्या चुलत भावानं ५५ च्या गटात त्याला दोनदा चितपट केलं. आता वडील म्हणतात, ५१ मध्ये उतर. पोरगं आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतं, रेनकोट घालून पळतं, वाटीत थुंकत बसतं. घरात जावा-जावांचं बोलणं बंद. “मी मधे कशी पडू?”

ताई, आधी पाणी चालू करा, भावकीचं नंतर बघू.

तीन किलो म्हणजे त्याच्या वजनाचे साडेपाच टक्के. रोज जोर-बैठका मारणाऱ्या लेकराच्या अंगावर एवढी चरबी नसते. एका रात्रीत उतरतं ते पाणी. किलोभर पाणी कमी झालं तरी दम लवकर लागतो, पिंढऱ्यांत गोळे येतात. पहिली लढत कशीबशी निघते, दुसरीत शेवटच्या दोन मिनिटांत पाय उचलत नाही, आणि बाप म्हणतो पोरात जिगर नाही. अमेरिकेत १९९७ साली दीड महिन्याच्या आत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले. लघवी सात-आठ तास झाली नाही, घाम थांबला किंवा पोरगं असंबद्ध बोलू लागलं, तर वजनकाटा सोडा आणि दवाखाना गाठा.

आता काटा. आठवडाभर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. सरासरी ५४ च्या आसपास आली तर त्याचा गट ५५ चाच. या वयात वर्षाला पाच-सहा किलो सहज वाढतात, म्हणजे पुढच्या हंगामात तो ६० मध्येही असेल. मग ५१ साठी उपाशी राहून उंचीही का अडवायची? सरावाआधी आणि नंतरही वजन करा. जेवढं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, थोडं थोडं, चिमूटभर मीठ घालून. लघवी लिंबूपाण्यासारखी फिकी हवी. मोहरीच्या तेलासारखी दिसली तर पाणी कमी पडतंय.

मालकांशी तुम्ही एकट्या भांडू नका. वजनाची वही वस्तादांपुढे ठेवा आणि गट त्यांना ठरवू द्या. तालमीत त्यांचा शब्द मालकांना मोडता येणार नाही. हे वर्ष गेलं तर सगळं गेलं, असं मालक म्हणतील. त्यांना सांगा, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा ऑलिम्पिक धावपटू अविनाश साबळे धावण्याकडे वळला तोच मुळी सैन्यात गेल्यावर, विशीत.

चुलत भाऊ तर आयती जोड आहे! एवढी तोलामोलाची जोड दुसऱ्या तालमीत शोधावी लागते. आठवड्यातून तीनदा दोघांना एकेरी पटाच्या पकडीपासून (समोरच्याचा एक पाय धरून) सुरू करून दोन-दोन मिनिटं खेळवायला वस्तादांना सांगा. गुण मोजायचे नाहीत, बापांनी कडेला उभं राहायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, म्हणून ती वस्तादांच्या तोंडूनच येऊ द्या.

लढत झाल्यावर मोटारसायकलवर घरी येताना कुस्तीचा विषय बंद. जेवण झाल्यावर पोरानं काढला तर बोला, नाही काढला तर नाही. आणि जाऊबाईंना तालमीच्या दारात दोन्ही पोरांसाठी एकच दुधाची किटली घेऊन जायला सांगून बघा. बोलणं बंद असलं तरी किटली घेतील.